दार अडविणारें द्रव्य आणि साल्लाचीं मुलें

युरोप खंडाच्या उत्तर टोकाजवळ फिनलंड हा देश आहे. त्याच्या लॅपलंड प्रांतांत, रशियाच्या सरहद्दीला लागून आणि उत्तर ध्रुववृत्ताच्याही पलीकडे, साल्ला नांवाचा विरळ वस्तीचा मुलूख आहे. सूचिपर्णी वृक्षांचीं अरण्यें, रेनडिअरांचे कळप आणि वर्षांतील कित्येक महिने न वितळणारें बर्फ, असें तेथील सृष्टीचें रूप. लोकवस्ती थोडी, गांवें दूरदूर, आणि सोयरिकी बहुधा जवळपासच्याच घरांत होत आलेल्या. अशा या मुलुखांतील कांहीं कुटुंबांत एक दुःख पिढ्यान् पिढ्या चालत आलेलें होतें.

मूल जन्मतें तेव्हां त्याच्यांत कांहीं व्यंग दिसत नाहीं. पहिले कांहीं महिने आई निश्चिंत असते. पुढें, वर्ष पुरें होण्याच्या आंतच, तिच्या ध्यानांत येऊं लागतें कीं, मुलाचें अंग सैल आहे, मान धरावी तशी तें धरीत नाहीं, आणि त्याचे डोळे एका जागीं स्थिर न राहतां इकडून तिकडे थरथरत राहतात. बसणें उशिरा, चालणें त्याहून उशिरा. कित्येकांना तें साधतच नाहीं. जें मूल चालूं लागतें तेंही झोक जात जात चालतें. बोलणें थोड्याशा शब्दांपुढें क्वचितच जातें. आणि तरीही दुसऱ्यानें बोललेलें त्याला पुष्कळ समजत असतें. स्वतःला बोलतां येतें त्याहून कितीतरी अधिक समजतें. अशीं मुलें वयानें वाढतात, प्रौढही होतात. परंतु ज्या हातांनीं त्यांना पाळण्यांत उचललें त्याच हातांचा आधार त्यांना जन्मभर लागतो.

१९७९ सालीं पेर्ती आउला व त्यांचे सहकारी या फिनिश वैद्यांनीं या रोगाचें वर्णन प्रसिद्ध केलें आणि त्या मुलुखावरून त्यास 'साल्ला रोग' असें नांव पडलें. रुग्णांच्या पेशींत फुगलेल्या सूक्ष्म पिशव्या दिसत, आणि त्यांच्या मूत्रांत एक आम्ल निरोगी माणसाच्या मानानें सुमारें दसपट सांपडे. त्या आम्लाचें नांव सायलिक आम्ल. आज जी हकीकत सांगावयाची आहे ती या आम्लाची, त्याच्या वाटेंतील एका दाराची, आणि तें दार अडवूं शकणाऱ्या कांहीं रासायनिक द्रव्यांची आहे. आधींच अडलेल्या दारापायीं पीडलेल्या मुलांना दार अडविणारें द्रव्य कसें उपयोगी पडावें, ही गोष्ट प्रथमदर्शनीं उफराटी वाटेल. पण या हकीकतीचें सार तेंच आहे.

सायलिक आम्ल हें विष नव्हे. १९३६ सालीं स्वीडनमधील गुन्नार ब्लिक्स या रसायनशास्त्रज्ञानें बैलाच्या लाळग्रंथींतील बुळबुळीत द्रव्यापासून तें वेगळें काढलें. ग्रीक भाषेंतील लाळेच्या शब्दावरून पुढें त्याचें नामकरण झालें. मुळांत तें साखरेच्याच जातीचें. मात्र द्राक्षशर्करेच्या एका रेणूंत कार्बनचे सहा अणु असतात, तर याच्या सांगाड्यांत नऊ. शिवाय त्याला आम्लाचा गुण चिकटलेला. आपल्या शरीरांतील पेशींच्या बाहेरील अंगावर साखरांच्या लहान लहान सांखळ्या उभ्या असतात. बाजरीच्या किंवा गव्हाच्या कणसाला जशीं टोंकाला कुसळें, तसें या सांखळ्यांच्या टोंकाला सायलिक आम्ल असतें. पेशीनें पेशीला ओळखावें, लाळ व शेंबूड यांना निसरडेपणा यावा, रक्तांतील कित्येक द्रव्यें अकालीं नाहींशीं होऊं नयेत, अशीं अनेक कामें या टोंकाच्या कुसळांकडून होतात. इन्फ्लुएन्झाचा विषाणु घशांतील पेशीला प्रथम पकडतो तोही या आम्लालाच धरून. मेंदूंत याचें प्रमाण विशेष मोठें असून आईच्या दुधांतही तें विपुल असतें. अशा उपयुक्त द्रव्यानें मुलाचा घात कां व्हावा?

याचें उत्तर पेशीच्या घरकामांत आहे. ज्या घरांत रोज स्वयंपाक होतो त्या घरांत रोज खरकटेंही निघतें. पेशींत जुनीं प्रथिनें, झिजलेलीं पटलें आणि बाहेरून आंत आलेले कण यांची मोडतोड सतत चालूं असते. त्यासाठीं पेशींत आम्लानें भरलेल्या बारीक पिशव्या असतात. त्यांना लायसोसोम म्हणतात. बेल्जियन शास्त्रज्ञ क्रिस्तियां द द्यूव यांनीं १९५५ सालीं त्यांना हें नांव दिलें; १९७४ चें नोबेल पारितोषिक ज्या तिघांना वांटून मिळालें त्यांपैकीं ते एक होते. या पिशवीच्या आंतील रस भोंवतालच्या पेशीरसापेक्षां शेंकडों पटींनीं अधिक आम्ल असतो, आणि तेथें मोडतोड करणारीं पाचक द्रव्यें पन्नासांहून अधिक जातींचीं असतात. त्यांपैकीं एक द्रव्य साखरेच्या सांखळीच्या टोंकावरचें सायलिक आम्ल खुडून काढतें.

जुन्या वाड्याची मोडतोड करणारा शहाणा माणूस तुळया, दगड व कड्या-कोयंडे फेंकून देत नाहीं. नव्या घराला ते उपयोगी पडतात. पेशीही तशीच काटकसरी आहे. खुडलेलें सायलिक आम्ल पिशवीबाहेर यावें, पुन्हा सिद्ध केलें जावें आणि नव्या सांखळीच्या टोंकास बसविलें जावें, अशी तिची व्यवस्था आहे. पण पिशवीचें पटल तेलकट असतें आणि सायलिक आम्ल पाण्यांत विरघळणारें व विद्युद्भार असलेलें. तेलांतून मीठ जात नाहीं तसें तेंही त्या पटलांतून आपोआप जात नाहीं. त्याला दार लागतें.

१९८६ सालीं रेन्लुंड, टिट्झ व गाल या संशोधकांनीं दाखवून दिलें कीं, साल्ला रोगांत बिघाड असतो तो मोडतोडीच्या कामांत नव्हे, तर या दारांत. रुग्णांच्या त्वचेच्या पेशींतून त्यांनीं लायसोसोम वेगळे काढले आणि त्यांतून सायलिक आम्ल किती वेगानें बाहेर पडतें हें मोजलें. निरोगी माणसाच्या पिशव्या रिकाम्या होत; रुग्णांच्या पिशव्यांत आम्ल तसेंच कोंडून राही. पुढें १९९९ सालीं या दाराचा लेख, म्हणजे तें घडविण्याची आज्ञा ज्यांत लिहिलेली असते तो जनुक, हातीं लागला. त्या जनुकानें घडणाऱ्या वाहक प्रथिनाचें नांव सायलिन.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांच्या मण्यांची माळ. सायलिनच्या माळेंत ४९५ मणि आहेत. फिनलंडमधील बहुतेक सर्व रुग्णांत त्यांतील ३९ वा मणि तेवढा चुकलेला आढळतो. तेथें आर्जिनीन हवें असतां सिस्टीन बसलेलें असतें. पांचशें शब्दांच्या पत्रांत एक शब्द चुकावा आणि त्यानें पत्राचा अर्थ फिरावा, तसाच हा प्रकार. आई व बाप या दोघांकडूनही हा चुकीचा लेख आला तरच मूल आजारी होतें. एकाकडूनच आला तर तें निरोगी राहतें. म्हणून असा लेख बाळगणारीं आईबापें स्वतः धडधाकट असतात, आणि त्यांच्या प्रत्येक अपत्याच्या बाबतींत चारांत एक असा धोका असतो. जगाच्या इतर भागांत याच लेखांतील निराळ्या व अधिक घातक चुका आढळल्या आहेत. त्यांत दार जवळजवळ पुरतें बंद असतें. मूत्रांतील आम्ल सुमारें शंभरपट वाढतें, आणि तीं मुलें बहुधा पहिल्या कांहीं वर्षांतच दगावतात.

साल्लाच्या मुलांचें दार मात्र पुरतें बंद नसतें. पॅरिसमधील संशोधकांनीं २००४ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असें दिसलें कीं, ३९ वा मणि चुकलेलें सायलिन मंदगतीनें कां होईना काम करूं शकतें. त्यांत दोष दोन आहेत. एक, त्याचा वेग कमी. दुसरा, घडल्यावर त्याचा बराचसा भाग लायसोसोमच्या पटलापर्यंत पोंचतच नाहीं. वाटेंतच अडकून राहतो. सुताराच्या कारखान्यांत दार तयार व्हावें, पण वांकडें झालें म्हणून तें तेथेंच कोंपऱ्यांत टेकून ठेवावें आणि घराची चौकट उघडी पडावी, अशी ही स्थिति. हा दुसरा दोष लक्षांत ठेवावा. पुढील आशा त्याच्याच भोंवतीं आहे.

आतां हें दार चालतें कसें तें पाहूं. तुरुंगाच्या वेशीला एकामागें एक असे दोन दरवाजे असतात. बाहेरचा उघडला कीं आंतला बंद, आंतला उघडला कीं बाहेरचा बंद. दोन्ही एकाच वेळीं कधींच उघडे नसतात. सायलिनची रचना अशाच जातीची आहे. त्याच्या पोटांत एक खांचा असून तो आळीपाळीनें दोन बाजूंस उघडतो. लायसोसोमच्या बाजूस उघडला म्हणजे सायलिक आम्लाचा एक रेणु व त्याच्याबरोबर एक प्रोटॉन आंत शिरतात. मग ती बाजू मिटते, दुसरी उघडते आणि दोघेही पेशीरसांत उतरतात. पिशवींतील तीव्र आम्लता प्रोटॉनला बाहेर लोटते, आणि त्या लोटाबरोबर सायलिक आम्लही ओढलें जातें. उतारावरून धांवणाऱ्या पाण्यावर जसें जातें फिरवावें, तशी ही युक्ति आहे.

अशा यंत्राचा अभ्यास करण्याचा जुना व खात्रीचा मार्ग म्हणजे त्यांत बसेल अशी एखादी पाचर शोधणें. पाचर कोठें बसते, किती घट्ट बसते, कोणत्या स्थितींत यंत्र थांबतें, यावरून यंत्राची आंतील घडण समजते. रसायनशास्त्रांत अशा पाचरीस रोधक द्रव्य म्हणतात. शरीरांतील कित्येक पंप, दारें व पाचक द्रव्यें यांचें ज्ञान अशा रोधकांमुळेंच झालेलें आहे. पण सायलिनच्या बाबतींत एक अडचण होती. हें दार पेशीच्या पोटांतील एका अतिसूक्ष्म पिशवीला बसविलेलें. त्याच्यापर्यंत संशोधकाचा हात पोंचणार कसा?

पॅरिसमधील मंडळींनीं यावर मोठी सोपी तोड काढली. प्रत्येक प्रथिनाला आपली जागा कळावी म्हणून त्याच्या माळेंतच एक पत्ता लिहिलेला असतो. सायलिनच्या माळेंत हा पत्ता २२ व्या व २३ व्या मण्यांत आहे. ते दोन मणि त्यांनीं बदलून टाकले. पत्ता पुसलेलें पत्र जसें भलत्याच दारीं जाऊन पडावें, तसें तें सायलिन लायसोसोमकडे न जातां पेशीच्या बाहेरच्या पटलावर जाऊन बसलें. दाराची जी बाजू एरवीं पिशवीच्या आंत असावयाची ती आतां पेशीच्या बाहेर, प्रयोगाच्या पेल्याकडे तोंड करून उभी राहिली. पेल्यांतील पाणी आम्ल करावें, त्यांत किरणोत्सर्गी खूण केलेलें सायलिक आम्ल घालावें, आणि किती आंत गेलें तें मोजावें. तें काम आतां सुलभ झालें. कोणत्या द्रव्यानें ही आवक थांबते, हेंही त्याच पेल्यांत कळूं लागलें.

पण द्रव्यें जगांत लक्षावधि आहेत. त्यांतून नेमकें कोणतें बसेल हें एकेक घेऊन पाहण्यास आयुष्यें पुरणार नाहींत. म्हणून गणकयंत्राची मदत घेण्यांत आली. सायलिनची खरी आकृति त्या वेळीं कोणाच्याही हातीं नव्हती. परंतु त्याच्या दूरच्या नात्यांतील एका जंतूच्या वाहक प्रथिनाची आकृति ठाऊक होती. नातवाचा चेहरा आजोबांच्या तसबिरीवरून ताडावा तशी त्यावरून सायलिनची काल्पनिक आकृति बांधण्यांत आली, आणि गणकयंत्रांत एकेक द्रव्य त्या खांच्यांत बसवून पाहण्यांत आलें. २०१२ सालीं या मार्गानें एक रोधक सांपडलें. तें मुळांत रक्तवाहिन्यांच्या आकुंचनासंबंधींच्या कामासाठीं दुसऱ्यांनीं बनविलेलें द्रव्य होतें. सायलिनशीं त्याचा संबंध असेल हें कोणाच्या स्वप्नींही नव्हतें. तें स्वतः दारांतून जात नाहीं, पण सायलिक आम्लाची जागा अडवून बसतें. काल्पनिक आकृति अगदींच खोटी नव्हती, याची ती पावतीच म्हणावयाची.

२०२० सालीं याच मंडळींनीं रोधकांचें एक नवें कुटुंबच प्रसिद्ध केलें. या द्रव्यांचा कणा साध्या अमिनो आम्लाचा आहे. त्याचें आम्ल टोंक मोकळें, नायट्रोजनला चिकटलेलें एक सपाट कडें, आणि बाजूस एक तेलकट शेंपूट. त्यांतील सर्वांत प्रभावी द्रव्य केवळ २.५ मायक्रोमोलर, म्हणजे एका लिटरमध्यें एका मोलचे सुमारें अडीच दशलक्षांश, इतक्या अल्प प्रमाणांत सायलिनचें काम निम्म्यावर आणतें. सायलिक आम्लास स्वतःला दाराचा निम्मा वेग गांठण्यास जें प्रमाण लागतें, त्याच्याशीं तुलना केली तर हें ४०० पटींनीं कमी आहे.

येथें एक कोडें उभें राहिलें. दोन माणसें एकाच खुर्चीसाठीं झगडत असतील, तर ज्याच्या बाजूचे लोक अधिक तो जिंकतो. हें नवें द्रव्य सायलिक आम्लाच्याच जागीं बसत असेल, तर पेल्यांत सायलिक आम्ल पुष्कळ घातल्यावर तें उठावयास हवें. पण तें उठत नव्हतें. याचा उलगडा दुहेरी वेशीच्या दृष्टांतानें होतो. रोधक द्रव्य पेशीच्या आंत शिरून, दार पेशीरसाकडे उघडें असतांना, आंतल्या बाजूनें खांच्यांत बसतें. त्या वेळीं बाहेरचा दरवाजा बंद असतो. बाहेर सायलिक आम्लाची कितीही गर्दी लोटली, तरी आंतल्या दरवाजांत अडकून बसलेल्यास ती हात लावूं शकत नाहीं. २०२४ सालीं सायलिनचीं चित्रें गोठविलेल्या नमुन्यांवरून इलेक्ट्रॉन-सूक्ष्मदर्शकानें काढण्यांत आलीं. त्यांत याच धर्तीचें एक रोधक पेशीरसाकडे उघडलेल्या खांच्यांत बसलेलें आढळलें. गणितानें केलेलें भाकित डोळ्यांपुढें उभें राहिलें.

अशा रोधकांचा एक उपयोग निराळ्याच क्षेत्रांत आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजांत शिकलेले आणि पुढें कॅलिफोर्नियांत संशोधन केलेले डॉ. अजित वारकी यांच्या कार्याचा त्याशीं संबंध येतो. गाय, मेंढी, डुक्कर, इतकेंच काय चिंपांझी यांच्याही शरीरांत सायलिक आम्लाची एक दुसरी जात तयार होते. मनुष्याच्या शरीरांत ती होत नाहीं. ती घडविणारा जनुक मानववंशांत काहीं लक्ष वर्षांमागें नव्हे, तर वीस-तीस लक्ष वर्षांपूर्वींच निकामी झाला असा अंदाज आहे. पण अशा जनावरांचें मांस खाल्लें म्हणजे ती परकी जात अल्प प्रमाणांत मनुष्याच्या पेशींत शिरते, आणि रक्त तिच्याविरुद्ध प्रतिद्रव्यें तयार करतें. २००५ सालच्या प्रयोगांत असें दिसलें कीं, हा परका पाहुणा पेशीरसांत येतो तोही लायसोसोमच्या मार्गानें आणि सायलिनच्याच दारानें. ज्या पेशींत हें दार मुळींच चालत नव्हतें, अशा एका रुग्णाच्या पेशींनीं ही गोष्ट सिद्ध करण्यास साह्य केलें. तेव्हां दार तात्पुरतें मिटून ठेवणारें द्रव्य हातीं असणें, हें अशा अभ्यासांत एक उत्तम साधन आहे.

परंतु साल्लाच्या मुलांचें काय? त्यांचें दार मोकळें करावयाचें कीं आणखी अडवावयाचें?

२०२० च्या त्याच प्रयोगांत संशोधकांनीं तें सर्वांत प्रभावी रोधक द्रव्य ३९ वा मणि चुकलेल्या सायलिनला दिलें. वाटेंत अडकून राहणारें तें प्रथिन आपल्या जागेकडे पोंचूं लागलें. ज्याचा धंदा अडविण्याचा, त्यानेंच अडलेल्यास वाट करून दिली.

याचें कारण गवंडीकाम पाहिलेल्या कोणासही समजेल. दगडी कमान बांधतांना गवंडी प्रथम खालीं लांकडाचा अर्धगोल आधार उभा करतो आणि त्याच्यावर एकेक दगड बसवितो. तो आधार आहे तोंवर त्या दरवाजांतून माणूस जाऊं शकत नाहीं. वाट अडलेली असते. पण आधार नसता तर दगड एकमेकांस धरून राहण्यापूर्वींच कोसळले असते. कमान पक्की झाली म्हणजे आधार काढून घेतात आणि दरवाजा वाहता होतो. चुकीच्या मण्यामुळें डळमळणारें सायलिन हें अशा अर्धवट कमानीसारखें आहे. रोधक द्रव्य त्याच्या पोटांतील खांच्यांत घट्ट बसलें म्हणजे त्याला आकार येतो. आणि आकार नीट असला म्हणजे पेशीचे पहारेकरी त्यास सदोष माल समजून अडवीत नाहींत.

ही केवळ कल्पना नव्हे. लायसोसोमच्याच दुसऱ्या एका रोगांत ती औषधाच्या रूपानें फळाला आलेली आहे. फॅब्रीच्या रोगांत लायसोसोममधील एक पाचक द्रव्य सदोष असतें. त्या द्रव्याचें काम रोखणारें एक औषधी रसायन थोड्या प्रमाणांत दिलें असतां रुग्णांच्या पेशींत त्याच पाचक द्रव्याचें काम उलट वाढतें, असें जपानी संशोधकांनीं १९९९ सालीं प्रसिद्ध केलें. पुढें त्याचें औषध झालें. मिगालास्टॅट हें त्याचें नांव. युरोपांत २०१६ मध्यें आणि अमेरिकेंत २०१८ मध्यें त्यास मान्यता मिळाली. तें रोज घ्यावयाचें नसतें, एका दिवसाआड घ्यावयाचें असतें. एके दिवशीं आधार द्यावयाचा, म्हणजे सदोष द्रव्य आपल्या जागीं पोंचतें. दुसऱ्या दिवशीं आधार ओसरतो, आणि तें द्रव्य आपल्या कामास लागतें. अर्थात् सर्वच फॅब्री-रुग्णांना त्याचा उपयोग नाहीं. ज्यांच्या लेखांतील चूक या उपायाला मानवते, त्यांनाच तें देतात.

तथापि साल्लाच्या बाबतींत घाईनें आनंद मानणें योग्य होणार नाहीं. प्रयोगशाळेच्या पेल्यांतील पेशी आणि हाडामांसाचें मूल यांत मोठें अंतर आहे. प्रथिन जागेवर पोंचलें म्हणजे तें काम करूं लागलें असें नव्हे. रोधक द्रव्यानें त्यास पोंचवावें, आणि मग वेळेवर सोडूनही द्यावें लागेल. पाचर जर कायमची बसून राहिली, तर मंदगतीनें चालणारें दारही पुरतें बंद पडेल. मात्रा किती, ती किती अंतरानें द्यावयाची, हा सारा हिशेब अजून बसवावयाचा आहे. शिवाय या रोगाचा मुख्य घाला मेंदूवर. मज्जातंतूंभोंवतीं जें पांढरें वेष्टन बाळपणांत चढावयाचें, तें या मुलांत नीट चढतच नाहीं. म्हणून औषध मेंदूंत उतरलें पाहिजे, आणि तेंही मूल लहान आहे तोंवर. ज्यांचा बाळपणाचा काळ उलटून गेला, त्यांना हरवलेलें सारें परत मिळेल अशी आशा कोणी देऊं नये. त्याचप्रमाणें, ज्यांच्यांत दार मुळींच घडत नाहीं अशा मुलांना आधार देणाऱ्या द्रव्याचा उपयोग नाहीं. जेथें कमानीचे दगडच नाहींत तेथें लांकडी आधार काय करणार?

इतक्या थोड्या लोकांच्या रोगावर इतके श्रम कां खर्चावे, असा प्रश्न व्यवहारी माणूस विचारील. त्यास दोन उत्तरें आहेत. पहिलें असें कीं, हें दार साल्लाच्या मुलांपुरतें नाहीं. तें प्रत्येकाच्या पेशींत आहे, आणि तें काय काम करतें हें जगाला कळलें तें या मुलांच्या पेशींत तें बिघडलेलें सांपडलें म्हणून. ज्यांनीं कधीं शाळेची पायरी चढली नाहीं, त्यांनीं विद्वानांना एक धडा घालून दिला आहे. त्या ऋणाची फेड म्हणूनही त्यांच्याकडे पाहणें प्राप्त आहे.

दुसरें उत्तर हिशेबाचें नाहीं. आजार हजारांत एकाला असो कीं लाखांत एकाला. ज्या घरांत तो शिरला त्या घरापुरता तो शंभरांत शंभर असतो. ध्रुववृत्तापलीकडील एखाद्या घरांत एक प्रौढ मुलगा खुर्चींत बसलेला असतो. त्याची वृद्ध आई त्याच्याशीं बोलते. त्याला तें समजतें. उत्तर मात्र एका शब्दाचें येतें, कधीं तेंही येत नाहीं. त्याच्या पेशींतील तें मंद दार थोडें अधिक उघडावें एवढ्यासाठीं दूरच्या एका नगरांत कोणी तें अडविणारीं द्रव्यें घडवीत आहे, मोजीत आहे, टाकून देत आहे व पुन्हा घडवीत आहे. आज तें द्रव्य औषध नाहीं. परंतु दार कोणत्या बाजूस उघडतें, पाचर कोठें बसते आणि वांकडी कमान कशानें सरळ होते, हें आतां ठाऊक झालें आहे. १९७९ सालीं यांतलें कांहींच ठाऊक नव्हतें. त्या वेळीं होतीं तीं फक्त मुलें, आणि त्यांना काय झालें आहे हें विचारणाऱ्या त्यांच्या आया.